एकेचाळीस किलो

इंजिन दादाचं, वायरिंग माझं आणि सीटा, छत, दारांची अस्तरं गादीकाकांची, अशी आमच्या गॅरेजची वाटणी बाबा होते तेव्हापासूनची आहे. एकाच्या कामात दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. गादीकाका आमचे सख्खे काका नव्हेत, पण बाबा गेल्यावर सख्ख्यांनी केली नाही तेवढी विचारपूस त्यांनी केली, म्हणून काका. दादा म्हणजे गोगलगाय. नट अडकला तर त्याला शिवी न देता तेल घालून तासभर वाट बघणारा माणूस. घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आला, असं वहिनी हसत म्हणायची. त्यात खोटं काही नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो.

बाबांची गाडी सात वर्षं शेडच्या कोपऱ्यात उभी होती. पत्रा ठणठणीत, इंजिन जाम. वहिनीला सातवा लागला तेव्हा दादाने ठरवलं की बाळंतपणाच्या आत ही गाडी चालू करायची. आमच्या घरापासून इस्पितळ बावीस किलोमीटर. पहिल्या वेळी बोलावलेली गाडी वेळेवर आली नव्हती. त्या पहिल्या वेळेबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. दादा एवढंच म्हणाला, "या वेळी ती माझ्या गाडीतून जाईल, माझ्या शेजारी बसून."

महिनाभर शोधल्यावर भंगारवाल्याकडे त्याच नावाची, पण अकरा वर्षांनंतर निघालेली गाडी मिळाली. मागून ट्रकने चेपलेली, पुढचा भाग मात्र शाबूत. तिचं इंजिन, वायरिंग, डॅशबोर्ड आणि सीटा काढायच्या आणि बाबांच्या गाडीत बसवायच्या, असा बेत होता. ऐकायला सोपं वाटतं. पण नाव एकच असलं तरी अकरा वर्षांत आत काहीच सारखं राहत नाही. इंजिनाचे पाय जुळेनात, तेव्हा दादाने जुने कापून नवे जोडले. जुन्या पत्र्याला आम्ही चौदा नवी भोकं पाडली. जुन्या गाडीतला वायरींचा जुडगा अंगठ्याएवढा होता, नव्या गाडीतला मनगटाएवढा. ज्या वायरींना जुन्या गाडीत काही कामच नव्हतं, त्यांच्या तोंडाला टेप लावून मी त्या डॅशबोर्डमागे कोंबल्या. सगळेच असं करतात.

काम सुरू झालं त्याच दिवशी काकांनी हाक मारली. ते भंगारातल्या गाडीच्या डाव्या दाराचं अस्तर उसवत होते.

"हे बघ गं जरा."

काचेच्या खाली प्लास्टिकला वाटीएवढा खळगा पडला होता. त्याच्या बाजूला दुसरा, जुना, पुट्टी भरून रंगवलेला. दाराचं आतलं हँडल तुटलेलं होतं, कुणीतरी ते तारेने बांधलं होतं आणि तारेसकट पुन्हा तुटलं होतं. डाव्या सीटच्या वर छताच्या कापडावर ओरखडे होते. बारीक, चार-चारच्या रांगेत.

"ट्रक मागून लागला ना?" काका म्हणाले. "मग हे?"

"जुनी गाडी आहे काका. लोक कशाही वापरतात."

"उजव्या बाजूला एक ओरखडा नाही."

मी माझ्या वायरींकडे परत गेले. खरं सांगायचं तर मला ते बघायचं नव्हतं. काकांनी अस्तरं नवी लावली, पण सीटा चांगल्या होत्या म्हणून नुसत्या धुतल्या. डाव्या सीटच्या फोममधून तिसऱ्या धुण्यालाही तांबूस पाणी निघत होतं. काकांनी ती तशीच उन्हात वाळत ठेवली.

पाचव्या आठवड्यात सगळं बसलं आणि मी पहिल्यांदा चावी फिरवली. दिवे लागले, काटे हलले आणि टिंग टिंग सुरू झालं. नव्या मॉडेलमध्ये सीटखाली एक सेन्सर असतो. कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की गाडी ओरडते. डॅशबोर्डवर डाव्या सीटचं लाल चित्र लागलं होतं आणि डाव्या सीटवर कुणी नव्हतं. मी स्कॅनर जोडला. सीटवरचं वजन एकेचाळीस किलो.

सेन्सर खराब, असं मी धरून चालले. दुसऱ्या गाडीतला काढून लावला. एकेचाळीस. मग सेन्सरच काढून बाजूला ठेवला, वायर मोकळी सोडली. एकेचाळीस. आता आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून? आकडा यायला जागाच उरली नव्हती. मी तीन वेळा तपासलं, मीटर बदलून तपासलं, माझी चिडचिड झाली आणि मी स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर फेकला.

"रिकाम्याच सीटला पट्टा लावून टाक," दादा इंजिनाखालून म्हणाला. "गप्प बसेल."

मी पट्टा ओढून लावला. ती गप्प बसली. जी गोष्ट ओरडते तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काका गाडी फिरवायला निघालो. मी चालवायला, काका डावीकडे. रस्ता रिकामा होता, इंजिन अगदी लोण्यासारखं चालत होतं. काकांनी विचारलं, "काच खाली करू का गं?"

माझा डावा हात गिअरवरून उठला आणि उलटा, काकांच्या तोंडावर बसला.

आवाज ओला होता. काकांचा पुढचा दात त्यांच्याच मांडीवर पडला. त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि बोटांमधून रक्त सदऱ्यावर उतरलं. मी ब्रेक मारला, त्यांच्या पाया पडले, रडले. माझ्या बापाच्या जागी असलेल्या माणसाला मी मारलं होतं. पण त्याहून भयंकर गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही. राग माझ्या चांगला ओळखीचा आहे, तो कुठून येतो, कसा चढतो, मला सगळं ठाऊक आहे. त्या क्षणी मला राग आलाच नव्हता. हात फक्त कंटाळलेला होता, रोजचं तेच ते काम करून कंटाळतो तसा.

"काकांवर हात उचललास?" दादा मला आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलला. "तुझं डोकं एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल."

"दादा, माझं डोकं नव्हतं ते. गाडीत काहीतरी आहे."

"वायरिंग तुझंच आहे ना? मग काय आहे ते तूच सांग."

मग तो म्हणाला, चल, मी चालवतो, तू बस शेजारी. मी बसले, कारण मलाही बघायचं होतं. पट्टा लावला. एक किलोमीटर काहीच झालं नाही. दादा टायरबद्दल बोलत होता, मागचे दोन बदलायला हवेत म्हणाला, आणि बोलता बोलता त्याच्या डाव्या हाताची मूठ माझ्या नाकावर आदळली.

हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, मग कळलं. दुसऱ्या ठोशाने माझं डोकं काचेवर आपटलं. तिसरा कानावर. मी हँडल शोधत होते, ते हाताला लागत नव्हतं. दादाचे डोळे रस्त्यावर होते. वळण आलं तेव्हा त्याने नीट इशारा दिला, गाडी वळवली आणि मला पुन्हा मारलं. "पुढचे टायर अजून वर्षभर चालतील," तो म्हणाला. मी मोजले. सात.

मग त्याला माझं रक्त काचेवर दिसलं. त्याने गाडी थांबवली, दार उघडून बाहेर पडला आणि गुडघ्यांवर बसून ओकला. आपला डावा हात त्याने रस्त्याच्या कडेच्या दगडावर दोनदा आपटला. मी मध्ये पडले नसते तर त्याने तो मोडून घेतला असता.

परत आल्यावर दादाने भंगारवाल्याला फोन लावला. त्या गाडीत नवरा-बायको होते, तो म्हणाला. ट्रकच्या धडकेत नवरा गेला. बायकोला तपासणारे डॉक्टर मात्र म्हणाले होते, की ट्रक लागला तेव्हा बाई जिवंत नव्हती. ती निदान तासभर आधीच गेली होती.

दादाने फोन ठेवला. "सगळं बाहेर काढ," तो म्हणाला. "आजच." संध्याकाळपर्यंत आम्ही सीटा, अस्तरं, छताचं कापड, सगळं ओरबाडून काढलं आणि शेडमागे जाळलं. चालकाची जुनी सीट आणि जुनी मागची बैठक, एवढंच परत बसवलं, कारण गाडी ढकलून बाहेर काढायची होती. डाव्या सीटच्या जागी उघडा पत्रा होता. वायरिंग आणि इंजिन उद्या काढू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला वहिनी घरातून शेडमध्ये चालत आली. तिच्या पायांवरून पाणी ओघळत होतं. अजून तीन आठवडे बाकी होते.

रुग्णवाहिकेला फोन केला. चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. शेडमध्ये चालू स्थितीतली दुसरी गाडी नव्हती. वहिनीने खांब धरला, ओठ दाताखाली दाबला आणि खाली बसली. दादाने माझ्याकडे बघितलं.

"टेप आण," तो म्हणाला. "माझा डावा हात बांध."

मी त्याचा हात पाठीमागे त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधला. काळ्या टेपचे बारा वेढे. वहिनीला मागच्या बैठकीवर आडवं केलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. दादाने उजव्या हातानेच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि तिथून पुढे गिअरला हात लावला नाही. इंजिन किंचाळत होतं. रस्ता सरळ होता आणि मी किलोमीटरचा एकेक दगड मोजत होते.

नवव्या किलोमीटरला टिंग टिंग सुरू झालं.

सीट नव्हती. सेन्सर नव्हता. वायरीचं तोंड उघड्या पत्र्यावर नुसतं पडलेलं होतं.

"अहो, काय वाजतंय?" वहिनी कण्हत म्हणाली.

दादाचा डावा खांदा झटक्याने पुढे गेला. टेप करकरला. त्याच वेळी डाव्या दारावर धप्पकन काहीतरी आदळलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पत्र्याला आतून खळगा पडला.

पुन्हा. खांदा, धक्का, खळगा.

"बांधलाय ना?" दादा ओरडला. "माझा हात बांधलाय ना गं?"

"बांधलाय दादा! तू पुढे बघ!"

हात बांधलेला होता. मार थांबत नव्हता. टेपच्या कडेने त्याच्या मनगटाची सालटी निघाली, रक्त सीटवर गळायला लागलं. दारावर एकामागून एक खळगे उमटत होते, आणि त्यांच्यामधून एक आवाज येत होता. किंकाळी नव्हती ती. श्वास आत ओढून धरल्याचा आवाज, पुढचा फटका यायच्या आधीचा.

तो आवाज ऐकला आणि माझी सगळी भीती गेली. राग आला. खरा, माझा राग. त्या बाईला मी पट्टा बांधून गप्प बसवलं होतं.

मी वहिनीचं डोकं खाली ठेवलं, दादाच्या सीटच्या बाजूने पुढे घुसले, त्या रिकाम्या जागेवर पालथी पडले आणि डाव्या दाराचं हँडल ओढलं. बाबांच्या गाडीचं हँडल धड होतं. दार उघडलं.

"उतर, बाई!" मी ओरडले. "उतर! दार उघडलंय मी! जा तू!"

वारा आत शिरला. दार झोकांड्या खात होतं.

मग गाडी डाव्या बाजूने किंचित वर उचलली गेली, कुणी खाली उतरल्यावर उचलली जाते तशी.

टिंग टिंग थांबलं. दादाचा खांदा सैल पडला. वहिनीला कळ आली आणि ती मोठ्याने ओरडली, आणि एका जिवंत बाईचं ओरडणं ऐकून मला हुंदका फुटला.

सव्वाचारला मुलगी झाली. अंगाने बारीक, पण धडधाकट. वहिनी सुखरूप. दादा इस्पितळाच्या भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. काका आले, सुजलेल्या ओठाने हसले आणि म्हणाले, "बरोबर जोडी जमली. तिला दात नाहीत, मलाही नाहीत." मोडलेल्या नाकाने हसता येत नाही, तरी मी हसले. गाडी मी इस्पितळाच्या मागे नेऊन तिचं वायरिंग कटरने तुकडे तुकडे होईपर्यंत कापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन आलं होतं. दादा पाळण्याशी बसला होता, मनगटाला पट्टी, घासून घासून धुतलेले हात मांडीवर. वहिनी म्हणाली, "अहो, घाबरताय काय? तुमचीच आहे."

त्याने उजव्या हाताचं बोट पुढे केलं. मुलीने ते गच्च धरलं. आम्ही सगळे हसलो. तिचं टोपडं कपाळावर घसरलं होतं, ते सारखं करायला दादाने हळूच डावा हात पुढे नेला.

मुलीने बोट सोडलं. मान भिंतीकडे वळवली, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही खांदे कानांपर्यंत वर ओढून घेतले. रडली नाही. तिने श्वास आत ओढून धरला.

"नवजात बाळं दचकतात हो," नर्स म्हणाली.

दादाने हात मागे घेतला, पाठीमागे नेला, तिथेच धरून ठेवला. मुलगी बराच वेळ तशीच, डोळे मिटून पडून राहिली.