आधी वारा, मग ज्योत

गॅस पेटवण्याआधी खिडकी उघडायची, क्षणभर थांबून देवाचं नाव घ्यायचं, मगच काडी ओढायची, असा नेम काकूंनी फार पूर्वी धरला. "काकू, चहा येईस्तोवर आमचे केस पिकतील!" पुतणे चिडवायचे. एका रात्री वीज गेली, तेव्हा काकांनीच त्या नेमामागची गोष्ट काढली.

"हसा. हे तुमच्या काकूच्या धाकट्या भावाच्या जिवावर बेतलं होतं."

भाऊ कारखान्यातल्या भट्टीवर फिटर होता. थंडीतली अमावास्या. रात्री पावणेतीनला भट्टीचा तेलाचा बर्नर आपोआप विझला. फिटर एकटाच पाळीवर. साहेबांचा फोन आला, "आतलं लोखंड थंड झालं, तर उद्यापासून घरी बस!"

खरं तर रीत ठरलेली होती. आधी पंखा लावून भट्टीत कोंडलेली तेलाची वाफ बाहेर घालवायची, मग पेटवायचं. जुने मिस्त्री तोंडात लवंग धरून येताजाता बजावायचे, "आधी वारा, मग ज्योत, बाळा." मिस्त्री आदल्याच महिन्यात वारले होते.

पण पंख्याने भट्टी आणखी गार होणार. एकदा चालून जाईल, असं म्हणत भावाने पलिता पेटवला आणि बर्नरच्या तोंडाशी नेला.

पलिता विझला.

वारा नव्हता. पानही हलत नव्हतं.

पुन्हा पेटवला. पुन्हा विझला... फुंकर घातल्यासारखा.

तिसरी काडी ओढताना मानेला ऊन श्वास लागला. लवंगेचा वास आला.

"कोण आहे?"

त्याने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

त्याने चाचपडत पंख्याचं बटण दाबलं. धुराड्यातून पांढरी दाट वाफ निघत राहिली. निघतच राहिली. तेलाची झडप गळत होती, तळाशी तेल साचलं होतं. एक ठिणगी आत गेली असती, तर...

काका थांबले.

"मग?" धाकट्या पुतण्याचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय. सकाळी भट्टीच्या झरोक्याची काजळलेली काच पाहिली, तर तिच्यावर पंजा उमटलेला. भावाने फडकं घेतलं, घासलं, रॉकेल लावलं. निघेना. मग लक्षात आलं..."

"काय?"

"पंजा काचेच्या आतल्या बाजूला होता. भट्टीच्या आत."

अंधारात काकू उठल्या, चहाचं आधण ठेवण्याआधी त्यांनी खिडकी उघडली.

"घाई कितीही असो, पोरांनो," त्या हळूच म्हणाल्या, "काडी ओढण्याआधी एवढं थांबत जा. कुणीतरी थांबवतं आपल्याला. त्याला दरवेळी इतके कष्ट नका देऊ."