पिवळी रेघ

आमच्या शेडमध्ये नियम एकच होता. ज्याने नट आवळला त्यानेच त्यावर रेघ मारायची, आणि ती आपल्याच रंगाची. रेघ नटाच्या डोक्यावरून निघायची आणि खालच्या लोखंडावर उतरायची. पुढे कधी नट केसभर जरी फिरला, तरी रेघ मोडायची. वाकून बघितलं की कळायचं. रेघ सरळ, तर नट घट्ट. रेघ मोडली, तर गाडी हलवायची नाही.

मास्तरांचा रंग पांढरा. उभं आयुष्य फळ्यावर भूमिती शिकवलेला माणूस, दुसरा कुठला रंग घेणार? दातांच्या डॉक्टरांचा हिरवा. माझा निळा. मी डावखुरी, त्यामुळे माझी रेघ नेहमी जराशी डावीकडे कलते. दादा म्हणायचा, "हिची रेघ बघा, झोप लागलेल्या पोरासारखी कलंडते." दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचा रंग पिवळा.

आमच्या चौघांच्या चार जुन्या जीप, आणि लाकडाच्या वखारीची रिकामी शेड. दर रविवारी सकाळी नऊला पत्र्याचं दार सरकवायचं आणि ऊन कलेपर्यंत गाड्यांच्या पोटाखाली निजायचं. मेकॅनिक आमच्यात कुणीच नव्हतं. पुस्तकं वाचून, हात भाजून, एकमेकांवर खेकसून आम्ही शिकलो. डॉक्टर म्हणायचे, "आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकतो, रविवारी हिच्या पोटात. माझी मान सरळ व्हायची कधी?"

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. मोजायचं आणि लिहायचं, एवढंच मला येतं. हेही मोजूनच सांगते आहे.

दोन वर्षांपूर्वी टेकडीच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला, दादाची जीप वळलीच नाही. स्टिअरिंगच्या डब्याखाली एक आखूड, वाकडा लोखंडी हात असतो. आम्ही त्याला कोपर म्हणतो. चाकांना वळवतो तो हाच. एका मोठ्या नटावर तो टांगलेला असतो. गाडी दरीतून वर काढली तेव्हा कोपर लोंबत होतं आणि नट नव्हता. तीन दिवस आम्ही गुडघाभर गवत चाळलं. नट मिळाला नाही.

"जुनं लोखंड," मास्तर शेवटी म्हणाले. "थकलं असेल."

डॉक्टरांनी मान डोलावली. मीही डोलावली.

गाडी भंगारात जायची होती. पण दादाच्या लेकीने ऐकलं नाही. तिला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी ती खारीसारखी कशावरही चढायची. आता तेवीस वर्षांची आहे. ती म्हणाली, "बाबांची गाडी मीच उभी करणार आणि मीच चालवणार." तिने लाल रंग घेतला आणि पहिल्याच रविवारी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये माखली.

वहिनी मात्र शेडच्या दारापर्यंतसुद्धा आली नाही. मला घरी गाठून म्हणाली, "एकाला गिळलं त्या गाडीने. पोरगी हट्टाला पेटलीय, माझं ऐकत नाही. तू सगळं नीट बघशील ना? तुझ्या भरवशावर पाठवतेय."

"बघीन," मी म्हटलं.

दीड वर्ष लागलं. सांगाडा सरळ केला, नवी बॉडी बसवली, इंजिन पुन्हा बांधलं. आता फक्त एकेक नट शेवटचा आवळायचा होता. महिनाभराचं काम.

त्यातल्या पहिल्या रविवारी मी मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांखाली शिरले आणि तशीच पडून राहिले. चार बोल्टांवर चार पिवळ्या रेघा होत्या.

जुना रंग, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते बोल्ट जुने नव्हते. मागच्याच आठवड्यात मी स्वतः कागदी पुडकं फोडून ते बसवले होते. हाताने, सैल. आता टॉर्कचा पाना लावला. हा पाना नट हवा तेवढा घट्ट असला की "टक्" वाजतो. चारही बोल्टांवर तो पहिल्याच दाबाला वाजला.

"कुणाची मस्करी ही?" डॉक्टर म्हणाले. आवाजात हसू होतं, डोळ्यांत नव्हतं. "मास्तर, तुम्ही?"

"मी मेलेल्या माणसाच्या नावाने मस्करी करीन?"

खारू गाडीखालून सरपटत बाहेर आली. चेहरा काळा, दात पांढरे. "बाबा आले असतील बघायला," ती म्हणाली. "त्यांना तुमच्यावर भरवसा कधी होता?"

सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मी खण उघडला. दादाचा चष्मा आणि त्याचं रंगाचं पिवळं पेन मीच ठेवून घेतलं होतं. टोपण काढलं. पेनाचं टोक चिंचोक्यासारखं वाळून कडक झालं होतं.

पुढचा आठवडाभर शेडची किल्ली माझ्याकडेच होती. त्या रविवारी शेडमधून निघण्याआधीच आम्ही चौघांनी बॅटरी मारून गाडीचं पोट बघितलं. त्या चार बोल्टांपुढे पिवळं काही नाही. मी तसं वहीत लिहिलं.

रविवारी सकाळी कुलूप मीच उघडलं. आत पत्रा तापायला लागला होता. त्याची बारीक टिकटिक चालू होती. रॉकेल, जुनं रबर, लाकडाचा भुसा. आणि लवंग. दादाच्या गालात कायम लवंग असायची.

"लवंगेचा वास येतोय," मी म्हटलं.

"माझा असेल," डॉक्टर पटकन म्हणाले. "दातांना आम्ही लवंगेचंच तेल लावतो की." आणि त्यांनी हात नाकाशी नेला. बराच वेळ तो तिथेच ठेवला. मग पँटला पुसला.

अकरा नव्या रेघा होत्या. मागच्या पाट्यांपासून निघून त्या सांगाड्याच्या कडेकडेने पुढे आल्या होत्या. आधी टाकी, मग गिअरबॉक्स. मुंगी चालावी तशा, एकामागे एक, घाई नाही. सगळे नट घट्ट. मी अकरा वेळा पाना लावला, अकरा वेळा "टक्" ऐकलं.

त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. मास्तर दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिले. फक्त खारू गाणं गुणगुणत काम करत होती. प्रत्येक पिवळ्या रेघेवरून ती बोट फिरवायची, झोपलेल्याच्या कपाळावरून फिरवावं तसं.

"आत्या, तू का घाबरतेस गं?" तिने विचारलं. "आपलाच माणूस आहे."

मी म्हटलं, "घाबरत नाही. मोजतेय."

मी खरंच मोजत होते. रेघा पुढे सरकत होत्या आणि पुढे कोपर होतं.

तिसऱ्या रविवारी कोपर माझ्या वाट्याला आलं. मी नवा नट चढवला, पाना लावला, पूर्ण ताकदीने ओढला. टक्. निळी रेघ मारली. खारूने वाकून बघितली आणि म्हणाली, "कलंडली!" मग आम्ही चहाला बसलो. चौघंही गाडीपासून दहा पावलांवर, भर उजेडात. कुणी उठलं नाही.

चहा संपवून मी पुन्हा खाली शिरले. रेघ मोडली होती. नट उतरला होता.

मी तो बोटांनी फिरवत वर नेला आणि मोजत गेले. एक. दोन. अर्धा. मग लोखंड लोखंडाला भिडलं.

मी पुन्हा आवळला. टक्. पुन्हा रेघ मारली. या वेळी चहाला गेले नाही. तिथेच पाठीवर पडून राहिले, नट नजरेसमोर. डोळ्यांत घाम उतरला. मी डोळे मिटले, पुसले, उघडले. एवढाच काय तो वेळ.

रेघ मोडली होती. एक, दोन, अर्धा.

अडीच फेरे. हा आकडा जगात एकाच माणसाला ठाऊक होता.

आता सांगते. दादाच्या शेवटच्या फेरीआधीचा रविवार. त्याच्या गाडीचं कोपर मीच काढलं होतं आणि मीच परत चढवलं. नट काढताना पाना घसरला होता, नटाच्या एका कोपऱ्यावर चंद्रकोरीसारखी खाच पडली होती. तोच नट हाताने फिरवत बसवला. अजून अडीच फेरे बाकी होते. टॉर्कचा पाना तेव्हा डॉक्टरांकडे होता. ते म्हणाले, "पाच मिनिटं, ताई." मी म्हटलं तोवर रेघ मारून ठेवते, हात रंगलेले आहेतच. रेघ मारली. मग घरून फोन आला. मग जेवणं. तपासायची पाळी मास्तरांची होती. त्यांनी वाकून बघितलं. निळी रेघ, सरळ, न मोडलेली. ते म्हणाले, "झालं." दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "हिने केलंय म्हणजे बघायला नको."

सैल नटावर मारलेली रेघसुद्धा सरळच दिसते.

नट सापडला नाही म्हणून कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, वहिनीचं रडणं थांबलं की सांगू. दोन वर्षं झाली.

मी गाडीखालून बाहेर आले. "मास्तर, हा नट तुम्ही आवळा," मी म्हटलं. "माझ्या हातात आज जोर नाही."

मास्तरांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पण ते उठले. त्यांनी आवळला आणि नियम मोडून रेघ खारूला मारायला दिली. तिची गाडी, तिचा रंग. लाल रेघ. आम्ही तासभर थांबलो. रेघ जागची हलली नाही.

म्हणजे राग नटावर नव्हता.

चौथ्या रविवारी खारू गाडी घेऊन टेकडीवर गेली. शेजारी मास्तर. मी आणि डॉक्टर शेडच्या दारात उभे. तिसरं वळण इथून दिसतं. गाडी बोटाएवढी झाली, नखाएवढी झाली, वळणाला पोचली, आणि वळली. उतरताना पुन्हा वळली. डॉक्टरांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी वहिनीला फोन लावला. "आली गं," एवढंच म्हणता आलं.  ती पलीकडून म्हणाली, "तू होतीस म्हणून."

दुपारी तीनला आम्ही आवरलं. मास्तर आणि डॉक्टर गेले. माझी जीप बाहेर पिंपळाच्या सावलीत उभी होती. महिनाभर तिला कुणी हात लावला नव्हता; रविवारी येते, रविवारी जाते, तेवढीच. निघण्याआधी खाली वाकून बघायची माझी सवय आहे. दोन वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

चादर अंथरून मी पाठीवर आत सरकले. खाली गार होतं. लवंगेचा वास होता.

कोपराच्या नटावर पिवळी रेघ होती. सरळ, न मोडलेली, ओली.

"आत्या!" खारूचे बूट चाकाशी येऊन थांबले. "मी तुझ्याबरोबर येते. माझी गाडी राहू दे इथेच. टेकडीवरून जाऊ या, मी चालवते."

"थांब जरा."

ती गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा आडवा होऊन आत डोकावला. तिने रेघ बघितली आणि तिचे डोळे भरून आले.

"तुझ्यासुद्धा गाडीला?" ती हळूच म्हणाली. "बघ, बाबांना तुझीही काळजी आहे. मग आता काय बघतेस? बाबांनी बघितलंय म्हणजे बघायला नको."

ती उठली. दार उघडलं. सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. किल्ली खुळखुळली.

मी दोन बोटं नटाला लावली.

तो फिरला.

काहीच जोर न लावता फिरला. एक फेरा. दोन. अर्धा. आणि सुटून माझ्या तळहातावर पडला. जड आणि थंड, आत्ताच कुणी विहिरीच्या तळातून काढून द्यावा तसा.

"निघायचं का?" वरून खारू म्हणाली.

मी नटावर बोटं मिटली. 

"आत्या? करू ना चालू?"

"नको," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. "खाली उतर, बाळा. किल्ली काढ. तुला एक सांगायचंय. बाबांच्या गाडीबद्दल."

 मग किल्ली निघाल्याचा आवाज आला.

मी नट उजेडाकडे धरला. त्याच्या एका कोपऱ्यावर चंद्रकोरीसारखी खाच होती. ओल्या पिवळ्या रंगावरून मी अंगठा फिरवला. तो सहज पुसला गेला. त्याच्याखाली दुसरी रेघ होती, जुनी, वाळलेली. निळी. जराशी डावीकडे कललेली.