करड्या शाईतली लोकर

मी कृष्णधवल फोटो छापते, बावीस वर्षं झाली. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. मधे कुठे हिरवट-गुलाबी झाक दिसली की माझं डोकं फिरतं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. नंतर म्हणाल, बाई भ्रमिष्ट आहे.

त्या दुपारी एक म्हातारे रंगारी लेकीचा हात धरून दुकानात आले. जन्मभर लोकर रंगवलेली, आता नजर गेल्यातच जमा. आणखी पंधरा दिवस दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीने पेनड्राइव्ह दिला. त्यात त्यांच्या बायकोचा एकुलता एक फोटो होता, तोही कृष्णधवल: खिडकीशी बसलेली, अंगात हाताने विणलेला स्वेटर.

"मोठा छापा," ते म्हणाले. "दिसतंय तोवर बघून घेतो."

पहिली प्रत आली ती सगळीच हिरवट. चूक माझी. रंगांचं प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवून घ्यायची सेटिंग, कॉम्प्युटरही लावत होता आणि प्रिंटरही. दोघींनी मीठ घातलं की भाजीचं काय होतं, तसं. प्रिंटरचं बंद केलं. दुसरी प्रत: केस करडे, भिंत करडी, हात करडे. स्वेटर मात्र हिरवटच.

मग कागदाचं प्रोफाइल बदललं. फाइलमध्ये रंगाचा अंश असलाच तर तोही काढून टाकला. तिसऱ्या प्रतीत स्वेटर उलट आणखी गडद झाला, शेवाळ आणि मध यांच्या मधलं काहीतरी. खोलीत ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. मला वाटलं, बाहेरून येत असेल.

"आता बघतेच याला," म्हणून मी आतला जुना प्रिंटर सुरू केला. त्यात रंगीत शाई नाहीच मुळी. सगळ्या डब्यांत काळी नाहीतर करडी. कागद हळूहळू बाहेर सरकला. केस... कपाळ... हनुवटी... सगळं नीट करडं. मग स्वेटरचा गळा आला.

शेवाळ आणि मध.

"माफ करा बाबा," मी कसंबसं म्हटलं. "हे टाकून देते. तुम्ही उद्या या."

"थांबा... टाकू नका." त्यांनी तो कागद खिडकीशी नेला, अगदी नाकाजवळ धरला.

"दोन पिंपांचा उरलेला गाळ मिसळून हा रंग केला होता. तिच्यासाठी, एकदाच. ती गेली, स्वेटरही तिच्यासोबत गेला. तीस वर्षं जुळवत बसलो, जमला नाही. मग तर कसा होता तेच आठवेना... लाज वाटायची हो. या पोरीलाही कधी बोललो नाही."

"अहो बाबा..." म्हणत लेक रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

ते फोटो घेऊन गेल्यावर तिसऱ्या प्रतीवर मी रंग मोजायचं यंत्र टेकवलं. यंत्र म्हणालं, करडा. चारदा टेकवलं, चारदा करडा. माझ्या डोळ्यांना मात्र शेवाळ दिसत होतं.

महिन्याभराने लेकीचा फोन आला.

"मावशी, बाबांना आता काहीच दिसत नाही. पण मजेत आहेत. फोटो उशाशी घेऊन झोपतात." मग तिने विचारलं, "तुमची शाई ओली राहते का हो?"

"छे गं. दहा मिनिटांत वाळते. का?"

"रोज सकाळी बाबांची बोटं रंगलेली असतात. पूर्वी कामावरून यायचे ना, तशी. मला वाटलं, फोटोवरून हात फिरवत असतील..."

"तसंच असेल," मी म्हटलं.

"पण आज त्यांच्या गालावर ठसे आहेत, मावशी. चार बोटांचे. बारीक बोटं... मी माझा हात लावून बघितला. जुळत नाही."

मागून म्हाताऱ्यांचा आवाज आला, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा.

"पुसू नकोस गं ते."