वगळलेले काप

ओमकार, तो मोबाईल पालथा घाल. अंधारात तुझं एकट्याचंच तोंड उजळलंय मेल्या, काही आलंच तर आधी तुझ्याकडे येईल. तेजस्वी, तू खुशाल हस गो. आत्ता हसणारी माणसंच मध्यरात्री आईला हाका मारतात. आणि ही माझी थाप नाही. थाप मारायची असली की मी आधी पान लावतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज चंची घरी ठेवून आलोय.

आपल्या नाटे गावातलाच सुहास. माझ्या शेजारचा. रत्नागिरीत हृदयाच्या एका खासगी हॉस्पिटलात मशीनवर कामाला असतो. गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. दुपारी त्याने पितरांसाठी कावळ्याला घास ठेवला आणि संध्याकाळी मोटरसायकल बाहेर काढली. काम साधं होतं. सकाळी मुंबईहून मशीनच्या कंपनीचा माणूस यायचा होता. त्याच्यासाठी जुन्या पेशंटांची चित्रं, नावं खोडून, गोळा करून ठेवायची. मशीनला पुढचं शिकवायला.

मी अंगणातून विचारलं, "काय रे, अमावस्येलाही नोकरी?"

"आबा, मशीनला तिथी नसते," म्हणाला आणि गेला.

आता हे मशीन काय ते ऐका. ओमकार त्याला डीप लर्निंग म्हणतो. मी सातवीत दोनदा बसलेला माणूस, मला समजलं तसं सांगतो. हृदयाच्या नळीत केसासारखी तार सोडतात. तिच्या टोकाला उजेड. ती मागे येता येता नळीचे गोल काप दाखवते, सुरमईचे करतो तसे, पण शेकड्यांनी. त्यातल्या कुठल्या कापात रक्ताची गुठळी धरलीय ते बघताना माणसाचे डोळे शिणतात. म्हणून डॉक्टर लोकांनी हजारो कापांवर गुठळीभोवती रेघ ओढून मशीनला दाखवली. बघून बघून ते शिकलं. आता गुठळी दिसली की स्वतःच लाल कडं काढतं. मला गुरुजींनी दोन वर्षं दाखवूनही त्रैराशिक दिसलं नाही. हसू नको स्वरूप, तुझे मार्क माहीत आहेत मला.

त्या मशीनखाली श्रावणात भिवा गेला होता. भिवा म्हणजे सुहासचा चुलत भाऊ. दोघांच्या घरात मिळून एक होडी, आणि भिवा तिचा तांडेल. त्याच्याशिवाय ती होडी खोल समुद्रात नेणारा दुसरा कोणी नव्हता. भिवाला छातीत कळ यायची. नारळीपौर्णिमा तोंडावर आलेली, होडीला रंग लागलेला, खलाशी येऊन बसलेले.

डॉक्टर घाटावरून येणारे. तार घालून झाली, चित्रं मशीनवर चढली, तोवर त्यांची निघायची वेळ झाली. जाताना सुहासला म्हणाले, "मशीन काय म्हणतं ते फोनवर कळव. कडं आलं तर ह्यांना सोडू नकोस. मी अर्ध्या वाटेतून परत फिरतो."

मशीनने कडं काढलं. लागोपाठच्या कापांवर.

सुहासने काय केलं? आपण देवळात करतो तेच. देवाला कौल लावायचा, पाकळी डावी पडली की म्हणायचं, नीट चिकटली नव्हती, परत लाव. उजवी पडेपर्यंत लावायचा. सुहासने ते काप वगळले आणि उरलेले मशीनला परत दाखवले. मशीन म्हणालं, काही नाही. ते खोटं बोललं नाही हो! दाखवलं तेवढंच त्याने बघितलं. तोच निकाल डॉक्टरांच्या फोनवर गेला.

बाहेर बाकावर भिवा बसला होता. "काय दिसतंय रे, सुहास?"

"काही नाही, दादा. नळी मोकळी आहे."

"तू बघितलंस ना? मग झालं. परक्याच्या सांगण्यावर मी नसतो गेलो समुद्रात."

पौर्णिमा झाली, नारळ वाहिला, होडी बाहेर पडली. परत आली तेव्हा भिवा जाळ्यांवर निजला होता आणि त्याला कोणी उठवत नव्हतं.

...

तर अमावस्येची रात्र. मशीनच्या खोलीत सुहास एकटा. त्याने भिवाची चित्रं उघडली. वगळलेले काप तिथेच होते, लाल कड्यांसकट. सकाळी ते कंपनीच्या हातात जाणार. कोणीतरी विचारणार, हा माणूस घरी कसा गेला?

त्याने ते काप पुसून टाकले. काही झालं नाही. दिवे लुकलुकले नाहीत, कुत्रं रडलं नाही. सुहास घोटभर पाणी प्यायला आणि त्याने पुढची चित्रं घेतली. अलोऱ्याच्या शाळेतल्या एक बाई. तपासून गेलेल्या, ठणठणीत.

मशीनने कडं काढलं.

सुहासने नीट बघितलं. आत काही नव्हतं. स्वच्छ भिंत आणि तिच्यावर लाल कडं. काहीतरी चुकलं असेल. त्याने परत लावलं.

कडं.

दुसरा पेशंट घेतला. कडं. तिसरा. कडं. भिवाच्या नळीत होतं नेमकं त्याच जागी.

तो बंद करायला उठला. तेवढ्यात पडद्यावर काप यायला लागले. नवीन. काचेपलीकडचं टेबल रिकामं. तारा कपाटात, पाकिटं न फोडलेली. तरी काप येत होते... आणि ते जुन्या चित्रांसारखे थिजलेले नव्हते. हलत होते. ठोका पडत होता.

सुहासने छातीवर हात ठेवला.

ठोका तोच.

काप सरकत गेले. हळूहळू. मग थांबले. भिंतीला काहीतरी धरलेलं. काळपट. जाड. नळी जवळजवळ बुजलेली...

मशीनने कडं काढलं नाही.

पडद्यावर आलं, काही नाही.

त्याने परत लावलं. काही नाही. परत. काही नाही.

आणि खुर्चीच्या मागून...

"काय दिसतंय रे, सुहास?"

तो वळला नाही. मला म्हणाला, "आबा, मान वळेचना." छातीत कळ आली. मागे कोणी घाई करत नव्हतं. वाट बघत होतं. विश्वासाने. तेच सोसवेना, म्हणाला.

"गुठळी... गुठळी आहे, दादा."

पडदा काळा झाला.

सकाळी डॉक्टर आले तेव्हा सुहास खुर्चीतच होता. त्यांनी घाईघाईने तपासलं. हृदय ठणठणीत. नाडी बघायला उजवा हात हातात घेतला आणि थांबले.

"तुझी अँजिओग्राफी कोणी केली?"

"कोणीच नाही, सर."

मनगटावर, नाडीच्या जागी, तार आत सरकवायला पाडतात तेवढंच भोक. ताजं.

हे सगळं त्याने मला जेटीवर बसून सांगितलं. मी एकच विचारलं, "हौसाला सांगितलंस?" हौसा म्हणजे भिवाची बायको. "नाही," म्हणाला आणि मनगटावरचं फडकं आवळलं.

काय म्हणालीस तेजस्वी? का नाही सांगत? होडी अजून दोन घरांची आहे गो. हौसा त्याच्यावरच भरवसा ठेवून आहे.

वर्ष होत आलं. बोट कापलं तर सुहासचं रक्त तुमच्याआमच्यासारखंच थिजतं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. मनगटावरच्या भोकातलं तेवढं थिजत नाही. काल मी हौसाच्या ओटीवर होतो. तिने त्याच्या हातावरचं फडकं सोडलं, ताजी हळद दाबली, म्हणाली, "भावोजी, जपत कसे नाही हो तुम्ही?" आणि स्वतःच्या लुगड्याच्या धडप्याने घट्ट बांधलं.

बांधून होईतो धडपा लाल झाला होता.