मग कोण कातत होतं?

शनिवारी दुपारी पाव, चीज आणि बिअरचा बुधला घेऊन मी तबिथाच्या घरी पहाऱ्याला गेलो. सभाघरात प्रवचन चालू असताना घोरणाऱ्यांना काठीनं ढोसायचं काम गावानं माझ्याकडेच दिलंय, त्यामुळे असल्या कामांना पहिलं नाव माझंच निघतं. सोबतीला चर्चचे कारभारी, डीकन आमोस होते. कानांनी ठार बहिरे, पण नजर घारीची.

तबिथाला स्टुलावर बसवून हातपाय बांधले होते. दाराला बोटभर भोक पाडून ठेवलं होतं. चेटकिणीचा पाळीव सैतान माशी होऊन नाहीतर उंदीर होऊन तिच्याकडे येतो म्हणतात. तो आला की आम्ही सोमवारी शपथेवर तसं सांगायचं आणि तबिथानं फासावर जायचं.

तिनं केलं काय होतं? शनिवारी सूर्य बुडाला की आमचा शब्बाथ सुरू होतो. मग चुलीवर भांडं चढत नाही, कोणी अंथरूणही झटकत नाही. नेमक्या त्या वेळी तिच्या घरातून चरख्याचा आवाज यायचा. ‘हो, कातत होते’ म्हणाली असती तर दिवसभर खोड्यात पाय अडकवून बसली असती, पोरांनी शेण फेकलं असतं, आणि विषय मिटला असता. पण तबिथाला खोटं बोलता येत नाही. “मी नव्हते कातत,” म्हणाली. न्यायाधीशांनी विचारलं, “मग कोण कातत होतं?” माणूस नाही तर सैतानच, असं ठरलं आणि बाई अडकली.

तो चरखा माझ्या बायकोचा. तिचं नाव सायलेन्स, म्हणजे शांतता. आईबापांनी कुठल्या आशेनं ठेवलं होतं देव जाणे, तोंडाला खळ म्हणून नव्हता. गेल्या हिवाळ्यात ती तापानं गेली. आमची मुलगी केझाया चरख्याला हात लावेना, मला तो कोपऱ्यात बघवेना, म्हणून मी शेजारी तबिथाला देऊन टाकला. उभ्यानं कातायचा मोठा चरखा. चाक फिरवायचं, सूत ओढत मागे जायचं, गुंडाळत पुढे यायचं. गवताच्या गाडीवरून पडून सायलेन्सचा पाय मोडला होता. तेव्हापासून फळ्यांवर तिचं पाऊल एक लांब, एक आखूड असं वाजायचं.

“काही दिसलं का रे, एनॉक?” डीकन दर थोड्या वेळानं विचारत.

“नाही!” मी त्यांच्या कानात ओरडायचो.

“माशी?”

“या थंडीत माशी कुठली, डीकन?”

“मग उंदीर येईल. धीर धर.”

तबिथा हळूच म्हणाली, “मांजर मेल्यापासून उंदीर रोज येतात माझ्याकडे. आज एकालाही बुद्धी होऊ नये म्हणून मघापासून देवाला विनवतेय.”

मला हसू आलं. मग तिचे बांधलेले हात काळेनिळे पडलेले दिसले आणि हसू गेलं.

सूर्य बुडाला. खोलीत तेलकट लोकरीचा वास आला. आणि घर्रर्र... चाक फिरू लागलं. म्हणजे आवाज फिरू लागला. चरखा समोर कोपऱ्यात होता, आरा न् आरा दिसत होता, एकही हलत नव्हता. मग फळ्यांवर पावलं. मागे. पुढे. एक लांब, एक आखूड...

डीकन दाराच्या भोकाकडे टक लावून बसले होते.

“ओळखलंस ना?” तबिथा कुजबुजली. “कोर्टात नाव नाही घेतलं मी. मेलेल्या बाईला कशाला...”

मला भीती वाटली. आणि खरं सांगतो, आनंदही झाला.

“एनॉक, तिला जा म्हण रे. बाहेर कुणी ऐकलं तर मला सोडायचे नाहीत.”

‘जा’ हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी कोपऱ्याकडे बघून म्हणालो, “सायलेन्स... घरी चल.”

आवाज थांबला.

सोमवारी मी शपथेवर सांगितलं, काही आलं नाही. डीकननीही तेच सांगितलं. तबिथा सुटली. पुन्हा संशय नको म्हणून चरखा सभाघरासमोर जाळला. केझाया माझ्या शेजारी उभी राहून बघत होती.

पुढच्या शनिवारी सूर्य बुडाल्यावर आमच्या घरात चाक घरघरू लागलं. मी खिडक्या लावून घेतल्या आणि घसा बसेपर्यंत मोठ्यानं स्तोत्रं वाचली. केझाया माळ्यावर झोपली होती. निदान मला तसं वाटलं.

सोमवारी सकाळी डीकन दारात.

“एनॉक, परवा तुझ्या घरातून चरख्याचा आवाज येत होता. अर्ध्या गावानं ऐकला.”

तबिथाची चूक मला ठाऊक होती. मी ती करणार नव्हतो.

“केझाया होती!” मी त्यांच्या कानात ओरडलो. “पोरीच्या जातीला भान राहत नाही, डीकन. बसवा खोड्यात दिवसभर, मी हूं की चूं करणार नाही!”

डीकननी मान हलवली. त्यांनी सगळी खोली डोळ्यांखालून घातली, कोपरा न् कोपरा.

“कातत होती... पण कशावर रे?”

आपलं नाव ऐकून केझाया माळ्यावरून खाली आली आणि पाहुण्यासाठी बिअर घेऊन आमच्याकडे निघाली. धडधाकट पोर, कधी साधी ठेच लागलेली नाही.

डीकनना ऐकू येत नव्हतं. ते तिच्या पायांकडे बघत होते. एक लांब, एक आखूड.