हलकी आवृत्ती

नागपूरच्या मज्जातंत्र प्रयोगशाळेत एका लांब टेबलावर जुना डेस्कटॉप संगणक उघडून ठेवला होता. डॉ. कौसर काझीने आतल्या पंख्यावरची धूळ मऊ कुंचल्याने झटकली, चिपांवर भिंग धरलं आणि मान हलवली.

"मेमरी वाढवता येणार नाही, निरंजना. चिपा बोर्डाला सोल्डर करून पक्क्या बसवल्यात. आहे तेवढ्यातच संसार करायचा."

शेजारच्या खोलीत निरंजनाची आई, कुमुदिनी ढोबळे, भुलीच्या औषधाने शांत झोपल्या होत्या. संगणक बंद असेपर्यंत त्यांना जागं ठेवणं शक्य नव्हतं, कारण त्यांची सगळी स्मरणशक्ती त्या करड्या पेटीत होती.

काही वर्षांपूर्वी मेंदूज्वराने त्यांच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग निकामी केला होता. तेव्हा एका कंपनीने कवटीखाली बारीक नाण्याएवढा 'मज्जासेतू' बसवला आणि जुन्या आठवणी वाचून संगणकात उतरवल्या. तेव्हापासून काहीही आठवायचं म्हटलं की सेतू ते बिनतारी संदेशाने पेटीतून मागवून घेई. नव्या आठवणीही तिथेच जमा होत. त्या जोरावर भूगोलाच्या या निवृत्त शिक्षिका घरभर हिंडत आणि भाजीवाल्याशी हुज्जत घालत. पेटीपासून फार लांब मात्र जाता येत नसे. पुढे कंपनी बुडाली. आठवणींचं कुलूप उघडणारी किल्ली तिच्याबरोबरच गेली, त्यामुळे त्यांची नक्कल दुसऱ्या यंत्रावर काढता येईना. सेतू बदलायचा तर कवटी पुन्हा उघडावी लागणार होती, आणि शल्यविशारदांनी त्याला साफ नकार दिला होता.

आता जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा परवाना संपत आला होता. तो संपला की सेतू बंद. आणि नवी सिस्टीम या यंत्रात मावणार नव्हती.

"एक हलकी आवृत्ती आहे," कौसर म्हणाली. "जुन्या यंत्रांसाठी हौशी लोकांनी छाटून तयार केलेली. ती यात चालेल. पण फुकट नाही चालणार."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघर समज. हाताशी ओटा, मागे फडताळ. आईंना काही आठवायचं झालं की त्याची बरणी फडताळातून ओट्यावर येते. ही सिस्टीम स्वतःच बरंचसं फडताळ अडवणार. म्हणून जागा करायला रोज थोड्या बरण्या फेकाव्या लागतील."

"कुठल्या, ते कोण ठरवणार?"

"सिस्टीमच. जी बरणी सगळ्यात जास्त काळ फडताळातून कुणी मागितलेली नाही, ती जाते. एकदा गेली की परत येत नाही."

निरंजनाने विचारलं, "दादाची गेली तर?"

तिचा मोठा भाऊ श्रीरंग मेलबर्नला होता. वडिलांच्या दहाव्यालाही तो आला नव्हता. सणावारी फोन करी, तोही मीटिंगला जाता जाता. तरी आई त्याच्या नावावर जगत होती.

"मग त्यांना रोज त्याच्याबद्दल विचारत जा," कौसर म्हणाली. "विचारलं की बरणी निघते. निघाली की वाचते."

निरंजनाने होकार दिला.

हलकी आवृत्ती छान चालली. कुमुदिनीबाई शुद्धीवर आल्या त्या "निरू, चहा टाक आधी," असं म्हणतच. घरी आल्यावर काही दिवसांनी आफ्रिकेतल्या नद्यांची नावं गेली. मग एका चुलत वहिनीची आठवण गेली. तिचा फोटो बघून त्या म्हणाल्या, "ही कोण गं नाक मुरडणारी?" निरंजना हसली. या वहिनीने आईला आयुष्यभर छळलं होतं.

पुण्याची नोकरी सोडून निरंजना आईपाशी येऊन राहिली होती. सकाळची आंघोळ, गोळ्या, गुडघ्याला तेल, सगळं तीच करी. चहाच्या वेळी न चुकता विचारी, "आई, दादा लहानपणी कसा होता गं?" की आईचा चेहरा उजळे. श्रीरंग विहिरीत पडला ते, त्याने पहिलं बक्षीस आणलं ते, सगळं साग्रसंगीत येई. ऐकताना निरंजनाला कधी कधी वाटे, मी कशी होते ते हिने एकदा आपणहून सांगावं. पण विचारायचं राहून जाई. आपण तर समोरच आहोत, असं तिला वाटे.

पुढे निरंजनाच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन करावं लागलं. ती दवाखान्यात असेपर्यंत शेजारच्या तारकुंडेकाकू आईपाशी राहिल्या. काकू फोनवर सांगत, "पहिल्यांदा सारखी विचारत होती, निरू कधी येते म्हणून. आता नाही विचारत. रमली बघ."

टाके सांभाळत निरंजना घरी आली तेव्हा कुमुदिनीबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्या मनापासून हसल्या.

"आलीस का निरू? बरं झालं. या काकूंना चहाच जमत नाही."

निरंजनाने त्यांचा हात हातात घेतला. "कशी आहेस आई?"

"मी ठीक. तुझं कसं झालं ऑपरेशन? घरी कुणी बघायला होतं का तुला?"

"घरी म्हणजे?"

"तुझ्या घरी गं. आईवडील आहेत ना तुझे?"

काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. निरंजना म्हणाली, "आई, मी तुझी मुलगी आहे."

कुमुदिनीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तशीच आहेस गं. इतकं कोण करतं हल्ली! पण मला एकच, श्रीरंग. मागच्या दवाखान्यातल्या पोरीसुद्धा मला आईच म्हणायच्या."

कौसर त्याच संध्याकाळी आली. बराच वेळ पेटीपुढे बसून राहिल्यावर ती उठली आणि निरंजनाला गॅलरीत घेऊन गेली.

"चूक माझी आहे. मला आधी कळायला हवं होतं," ती म्हणाली. "मिठाचा डबा कधी फडताळात जातो का? तो कायम ओट्यावर असतो. तू दिवसभर त्यांच्या समोर होतीस, त्यामुळे तुझी बरणी ओट्यावरून हललीच नाही. फडताळातून तुला कुणी कधी मागितलं नाही. सिस्टीमने बघितलं, ही बरणी कुणालाच नको आहे. फेकली."

"पण ओट्यावर होते ना मी?"

"ओट्यावर काय आहे याची नोंद ठेवायला जागा लागते. नेमकी तीच छाटून ही आवृत्ती हलकी केलीय. तू गेलीस, ओटा दुसऱ्या गोष्टींनी भरला, तुझं तिथलं पुसलं. बरणी मागे आहेच, असं सिस्टीम धरून चालते. मागे काही नव्हतं. गेल्या काही महिन्यांतलं तेवढं शिल्लक आहे, कारण ते नव्याने भरलं गेलं. चहा देणारी, तेल लावणारी निरू."

"आणि दादा?"

कौसरने नजर चुकवली. "तो तर रोज फडताळातून निघत होता. तूच काढत होतीस."

निरंजनाने पुढचे काही दिवस प्रयत्न केला. शाळेचे दाखले दाखवले, फोटो दाखवले, मांडीवरचा भाजल्याचा डाग दाखवला. कुमुदिनीबाई आधी हसल्या, मग अस्वस्थ झाल्या, मग घाबरल्या. तिच्या हातून आंघोळ करून घेईनात. एके दिवशी तिने स्वयंपाकघरातून ऐकलं, त्या मेलबर्नला फोनवर कुजबुजत होत्या, "श्रीरंग, ही बाई स्वतःला माझी मुलगी म्हणवते रे. हिला घर पाहिजे. तू ये."

आणि श्रीरंग आला. वडील गेल्यावर न आलेला श्रीरंग, घरावर कुणी हक्क सांगतंय म्हटल्यावर आठवड्याच्या आत आला. दारात आईने त्याला मिठी मारली तेव्हा निरंजना त्याची बॅग घेऊन बाजूला उभी होती.

सगळं कळल्यावर मात्र तो हादरला. रात्रीचं जेवण झाल्यावर बहिणीपुढे रडला. "मी तिकडचं सगळं गुंडाळतो, निरू. आता मीच राहीन आईजवळ. पुष्कळ केलंस तू." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "माझं नाही ना असं होणार?"

निरंजनाने त्याच्याकडे पाहिलं. एक वाक्य सांगितलं असतं तर पुरलं असतं. अधूनमधून लांब जा, तिला तुझी वाट बघू दे, एवढंच. ते वाक्य तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात आतून आईची हाक आली, "श्रीरंग, त्या बाईला सांग, जाताना किल्ली ठेवून जा म्हणावं."

"नाही होणार," निरंजना म्हणाली. "तू फक्त तिच्या डोळ्यांसमोर राहा."

सकाळी ती पुण्याला निघून गेली.

काही महिन्यांनी कौसरचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "श्रीरंगला सांगितलंस ना तू सगळं?"

"नाही."

"निरंजना, त्याची बरणी आत्तापर्यंत..."

"गेली असेल."

"मी सांगू त्याला?" कौसरने विचारलं.

"सांग. आता सांगून काय होतं?"

कौसरने सांगितलं नाही. कारण सांगण्यासारखं खरंच काही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी श्रीरंगचाच फोन आला. आवाज थकलेला होता. मेलबर्नचं घर विकायचं होतं, सह्यांसाठी पंधरवडाभर जाणं भाग होतं.

"निरू, आई रोज तुझी आठवण काढते. ती निरू कुठे गेली, तिच्या हाताला काय गोडी होती, तिच्यासारखी कुणी नाही, दिवसभर हेच. माझ्याकडे बघतसुद्धा नाही कधी कधी, तुझंच चालू असतं. मी येईपर्यंत तू येऊन राहशील का तिच्याजवळ?"

निरंजना खिडकीशी उभी होती. आईच्या फडताळात तिची बरणी रोज निघत होती. परक्या बाईची का होईना, तिचीच होती ती. आपण समोर जाऊन बसलो की काय होईल, हे तिला आता नेमकं ठाऊक होतं.

"मला नाही जमणार, दादा," ती म्हणाली. "तारकुंडेकाकूंना सांग. आणि तू खुशाल जा. आई तुला कुठे विसरणार आहे?"