ब्रँटसाहेबांचा खड्डा

सिमेंटची गाडी : शुक्रवार, सकाळी दहा.

शुक्र ग्रहावर इतकं तापतं, की शिसं वितळून वाहू लागेल.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक उजळ चौकोन. खिळा अजून तिथेच.

तव्यावर काहीतरी करपल्याचा वास.

"पॅनकेक!"
"खड्डा!"
"पॅनकेक!"
"नेटो, डोळे तपासून घे! खड्डा आहे तो!"

हे सगळं अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावातल्या एकाच घरातलं, उन्हाळी सुट्टीतल्या एकाच सकाळचं. टेबलाच्या अलीकडे बारा वर्षांची मारिसोल, पलीकडे तिचा नऊ वर्षांचा भाऊ नेटो. मध्ये वर्तमानपत्र. त्यात शुक्राच्या जमिनीचं एक करडं चित्र आणि वर मथळा :

'तो ज्वालामुखी नव्हे, खड्डाच! जुन्या कर्मचारी बाईंची चूक सुधारली.'

जुन्या कर्मचारी बाई म्हणजे रेफुजिओ इबारा, मुलांच्या आईची मावशी; घरात सगळ्यांची टिया रेफू, स्पॅनिशमध्ये टिया म्हणजे मावशीच. शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाकडून चित्रांच्या पट्ट्या यायच्या, तेव्हा त्या जोडून नकाशा करणाऱ्यांत टिया होती. आता गावातल्या बागेत शुक्राचा चाळीस फुटी सिमेंटचा नकाशा होणार होता. टियाने दाखवलेला ज्वालामुखीचा घुमट काढून बागेच्या समितीच्या ब्रँटसाहेबांनी तिथे खड्डा खणला होता. काल बातमी वाचून टियाने भिंतीवरचा आपला नकाशा उतरवून ठेवला.

"मला पॅनकेकच दिसतोय," नेटो हटून बसला. "फुगलेला. मधोमध तडे गेलेला."

शेजारची ओर्ला दारातच होती. वय तेरा, वाद घालायला कायम तयार. ती टेबलाला वळसा घालून नेटोच्या खुर्चीमागे गेली. मग मारिसोलच्या मागे. मग पुन्हा नेटोच्या.

"अरेच्चा! दोघंही बरोबर! इथून घुमट, तिथून खड्डा!"

मारिसोलने कागद गर्रकन फिरवला. खड्डा फुगून वर आला!

"टिया! हे काय आहे?"

टियाने तवा उतरवला. "ढगांमुळे शुक्राचा साधा फोटो निघत नाही. यान एका बाजूने रडार मारतं. रडारकडे तोंड असलेला उतार चित्रात उजळ दिसतो. पहिल्या वर्षी डावीकडून मारलं, दुसऱ्या वर्षी उजवीकडून. आपल्या डोळ्यांना उजेड डावीकडचाच वाटतो, म्हणून उजवीकडच्या पट्टीत डोंगर आत गेल्यासारखा दिसतो."

"म्हणजे ब्रँटसाहेबांनी दुसऱ्या वर्षीची पट्टी पहिल्या वर्षीची समजून वाचली!" मारिसोल म्हणाली.

"मी प्रत्येक पट्टीच्या पाठीवर लिहून ठेवायचे. पण पाठ कोण बघतं?"

"मग सांग ना त्यांना!"

"जाऊ दे गं. इतक्या वर्षांनी माझं कोण ऐकणार?"

मारिसोल उठली. कान लाल झाले होते. "शुक्रावर जवळजवळ सगळी नावं बायकांची. आणि एका बाईची चूक छापायला तेवढी घाई! आम्ही ऐकवू त्यांना!"

दहाला वीस कमी. बाग.

वाळूत शुक्र आकाराला आला होता : लांबच लांब भेगा, ताणून फाटल्यासारख्या दऱ्या, फरशीसारखे तुकडे झालेली पठारं. आणि एका कोपऱ्यात तो खड्डा. गाडी वेळेआधीच येऊन उभी होती. तिच्यावरचा ड्रम घरघरत होता.

"मुलांनो, बाजूला व्हा!" ब्रँटसाहेब ओरडले.

नेटो सरळ खड्ड्यात जाऊन बसला. मांडी घालून!

"ऊठ म्हणतो ना!"

"नाही उठणार! मी ज्वालामुखीच्या पोटात बसलोय!"

चालक बाई खिडकीतून हसल्या. "साहेब, माल अर्ध्या तासात घट्ट होईल हं!"

"मिस्टर ब्रँट, तुमचं चित्र उलटं धरून बघा," ओर्ला म्हणाली.

"उलटं धरलं की कुठलंही चित्र फसवतं, पोरी! त्यावरून काही सिद्ध होत नाही."

ते मात्र खरं होतं. मारिसोल तशीच खड्ड्याकडे बघत राहिली. खड्ड्याभोवती साहेबांनी स्वतःच्या हाताने नारिंगी रंगात लाव्हाचे ओघळ रंगवले होते. सगळे बाहेर जाणारे.

तिने वाळू भिजवायला ठेवलेली पाण्याची बादली उचलली. "नेटो, पाय वर घे!"

पाणी खड्ड्यात पडलं. तिथेच राहिलं. नेटोची चड्डी तेवढी भिजली.

"चारी बाजूंनी बाहेर कुठे वाहतंय?" मारिसोलचा आवाज चढला. "तुमचा लाव्हा कडा चढून कसा गेला, मिस्टर ब्रँट? शिडी लावून?"

चालक बाई खो खो हसल्या. साहेबांचा हात टोपीकडे गेला. "ते... ओघळ तर पट्टीत स्पष्ट दिसतात."

"मग पट्टीची पाठ बघा!"

"पाठ?"

बाजूला उभ्या केलेल्या फळ्यावर यानाची खरी पट्टी टाचलेली होती. साहेबांनी एकेक टाचणी काढली, पट्टी उलटली आणि बराच वेळ वाचत राहिले. मग वळले. फाटकात टिया उभी होती, पिठाचा ॲप्रन तसाच.

"रेफू," ते हळूच म्हणाले, "मी पाठ बघितलीच नाही."

"दिसतंय ते."

"चूक माझी. उद्याच्या अंकात माझ्या नावानिशी छापायला देतो."

"ते लिहून द्या," मारिसोल म्हणाली. "पण आधी फावडं घ्या!"

साहेबांनी खरंच फावडं घेतलं. ओर्ला वाळू ओढत होती, मारिसोल थापत होती, ओल्या चड्डीतला नेटो हुकूम सोडत होता : "अजून उंच! कडा उभ्या! माथ्यावर तडे!" ते तडे टियाने स्वतः बोटाने ओढले. पंचवीस मिनिटांत घुमट उभा राहिला आणि सिमेंट ओतलं गेलं.

"माझ्या गाडीला आजवर कुणी असं थांबवलं नव्हतं," चालक बाई म्हणाल्या. "शाब्बास रे पोरांनो!"

"पुढच्या वेळी काही ओतायच्या आधी या तिघांना विचारेन," ब्रँटसाहेब म्हणाले.

घरी जाऊन टियाने नकाशा खिळ्यावर परत लावला.

१९९१च्या ऑक्टोबरमध्ये, एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, रेफुजिओ इबारा यांनी त्या पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं : 'दुसरं वर्ष. उजवीकडून.'